सेंद्रिय रब्बी ज्वारी : तण, बांध आणि प्रमाणपत्र

सेंद्रिय ज्वारीचा विचार बहुतेक घरांत अडतो तो तणापाशी. शेणखत थोडेफार घरचे असते, खोडमाशीचा त्रास पेरणीची तारीख सांभाळली की बराच टळतो. पण खुरपणीला बाया मिळत नाहीत, बैलजोडी गावात दोन-चारच उरलेल्या असतात आणि तणनाशकाची बाटली मात्र तालुक्याच्या दुकानात केव्हाही मिळते. त्यात प्रमाणपत्र म्हटले की कागदांचा धाक वेगळाच. हे दोन्ही धाक एकमेकांत गुंतलेले आहेत. आपण तण कसे काढले हे दाखवता आले, तर प्रमाणपत्राचे निम्मे काम तिथेच होते.

सोलापूर, मंगळवेढा, मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीवरची जिरायत, म्हणजे पावसाच्या साठवलेल्या ओलीवर येणारी, रब्बी ज्वारी डोळ्यांसमोर ठेवून एकेक टप्पा पाहू.

सुरुवात प्रमाणपत्राच्या निवडीपासून करावी लागते. आपल्या देशात दोन मुख्य वाटा आहेत. पहिली एनपीओपी, म्हणजे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम. तो २००१ साली सुरू झाला आणि तो अपेडा ही केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालची संस्था चालवते. यात मान्यता असलेली तिसरीच संस्था येऊन आपले शेत तपासते. दुसरी वाट पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेते तपासण्याची पद्धत. तिच्यासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि खर्च बराच कमी येतो.

कोणती घ्यावी? माल परदेशी जाणार असेल किंवा मोठ्या कंपनीला द्यायचा असेल तर एनपीओपीला पर्याय नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला, आठवडी बाजारात किंवा देशातल्या दुकानांत विकायचा असेल तर पीजीएस पुरते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रातून सवलत आहे, पण पिशवीवर 'जैविक भारत' हे चिन्ह मग छापता येत नाही. खरेदीदार कोण हे आधी ठरवा. प्रमाणपत्र काढून झाल्यावर खरेदीदार शोधायला निघणारे फार जण शेवटी साध्या भावाने ज्वारी घालून येतात.

एनपीओपीत एकट्याने उतरणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून तिथेही गट असतो. त्यात २५ ते ५०० शेतकरी असतात. गटाचे स्वतःचे निरीक्षक प्रत्येक शेत वर्षातून किमान दोनदा पाहतात आणि बाहेरची संस्था नंतर त्यातली काही शेते निवडून पुन्हा तपासते. एकाची चूक सगळ्या गटाला भोवते, त्यामुळे गट निवडताना सोयरीक जुळवण्याइतकी चौकशी करायला हरकत नाही.

नोंदणी झाली की रूपांतरणाचा काळ सुरू होतो. रूपांतरण म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीत जाण्याची मधली मुदत. ज्वारीसारख्या हंगामी पिकाला एनपीओपीत ती पेरणीपूर्वीची किमान दोन वर्षे असते, तर आंबा-डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकांना तीन वर्षे. या काळात नियम सगळे पाळायचे आणि माल मात्र 'सेंद्रिय' म्हणून विकायचा नाही. तणाचा खरा त्रासही याच दोन वर्षांत होतो, कारण जमिनीत वर्षानुवर्षे साठलेले बी आता उघडपणे उगवू लागते. तिसऱ्या वर्षी परिस्थिती हलकी होते. बरेच जण दुसऱ्याच वर्षी हात टेकतात आणि इथवरचे कष्ट वाया जातात, याचे फार वाईट वाटते.

आता नकाशा. एका कागदावर आपल्या शेताची आकृती काढा. गट नंबर, विहीर, ओढा, वाट आणि चारही बाजूंना कोण काय पिकवतो, हे त्यावर लिहा. उसाचा शेजारी असेल तर ते ठळक लिहा. उसात तणनाशके मारली जातात आणि त्यांचा फवारा वाऱ्याने उडून आपल्याकडे येतो. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर चालते. ज्वारी गवताच्या कुळातली असल्याने तिच्यावर त्याची खूण सहसा दिसत नाही. पीक हिरवेगार दिसत असतानाही त्यावर अंश असू शकतो, आणि प्रयोगशाळेला तो सापडू शकतो.

म्हणून शेजारच्या बाजूने एक पट्टा राखायचा. याला संरक्षक पट्टा म्हणतात. तो किती रुंद असावा हे तपासणी संस्था शेजारचे पीक, वाऱ्याची दिशा आणि उतार पाहून सांगते. पट्ट्यात ज्वारीच पेरली तरी चालते, पण ती वेगळी काढायची, वेगळी मळायची आणि साधा माल म्हणून विकायची. पावसात शेजारचे पाणी आपल्या रानातून वाहत असेल तर वरच्या अंगाला चर काढून ते बाजूला वळवा.

आता बांधाविषयी थोडे अधिक सविस्तर, कारण सर्वाधिक प्रकरणे इथेच बिघडतात. रानात तणनाशक न मारणारा माणूससुद्धा बांधावरचे गवत जाळायला ग्लायफोसेट मारतो. 'बांध काही पीक नाही' अशी समजूत असते. नियमाच्या दृष्टीने बांध शेताचाच भाग आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालून तो फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता ठेवला, तरी बांधावर ते मारायची सवय गेलेली नाही. भर पावसाळ्यात सगळीकडे हिरवळ असताना एकच बांध पिवळा पडलेला दिसला, की निरीक्षकाला दुसरे काही विचारावे लागत नाही.

बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याशी बोलायलाच हवे. 'दादा, आपल्या मधल्या बांधाचं गवत मी कापून घेईन, तुम्ही तिथं औषध मारू नका' एवढे सांगून भागते. गवत जनावरांना होते आणि शेजाऱ्याचेही काम वाचते. हे बोलणे झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. शक्य असेल तर त्याची सही असलेली साधी चिठ्ठी घ्या. रान वाट्याने दिलेले असेल तर वाटेकऱ्याला सगळे नियम पहिल्याच दिवशी समजावून सांगा. मालकाने नोंदणी केली आणि वाटेकऱ्याला ते माहीतच नाही, असे वारंवार घडते.

उन्हाळा हा तणाशी लढण्याचा पहिला हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये ज्वारी निघाल्यावर खोल नांगरट करून रान तापू द्यायचे. हराळी, कुंदा आणि लव्हाळा ही तिन्ही बहुवार्षिक तणे आहेत, म्हणजे बियांशिवाय जमिनीखालच्या मुळ्या, कांड्या किंवा गाठींतून पुन्हा उगवणारी. त्यांच्यावर मेच्या उन्हाइतके स्वस्त औषध नाही. नांगरटीने वर आलेल्या हराळीच्या काशा दाताळ्याने गोळा करून रानाबाहेर न्या. कुंदा खोल जातो, त्याचे ठिकठिकाणचे पुंजके कुदळीने खणूनच काढावे लागतात. एका वर्षात सगळे निघणार नाहीत. दरवर्षी एक कोपरा घेतला तरी पुष्कळ.

इथली नेहमीची चूक रोटाव्हेटरची. हराळी माजलेल्या रानात रोटाव्हेटर फिरवला की रान त्या दिवशी सुंदर दिसते. पण पात्यांनी हराळीच्या कांड्यांचे तुकडे केलेले असतात, आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा ओल मिळताच फुटतो. लव्हाळ्याचेही तसेच. त्याच्या गाठी जमिनीत साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळी शाबूत असताना टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, ती तुटली की झोपलेल्या गाठीही कोंब काढतात. बहुवार्षिक तणे असतील तिथे आधी नांगर, ऊन आणि वेचणी. रोटाव्हेटर त्यानंतर, आणि खरे तर नसला तरी चालतो.

शेणखत टाकताना ते पुरते कुजलेले आहे ना, ते पाहा. जनावराने खाल्लेल्या तणाचे बरेचसे बी पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. खड्ड्यातले खत ओलसर ठेवून वर-खाली केले आणि आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापले, तर त्यातले बहुतेक बी मरते. कच्चे शेण रानात टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने तण पेरणे. बाहेरून खत आणणार असाल तर आणण्याआधी संस्थेला विचारा. मोठ्या व्यावसायिक कोंबडीपालनाचे खत बहुधा नामंजूर होते.

सोलापूरकडे रानात मेंढ्या बसवायची जुनी रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण मेंढ्यांच्या लोकरीतून आणि लेंड्यांतून दुसऱ्याच्या रानातले बी येते. शक्यतो नांगरटीच्या आधी मेंढ्या बसवा, म्हणजे उगवलेले तण पुढच्या पाळ्यांत मरते. किती मेंढ्या, किती रात्री आणि कळप आधी कुठे चरत होता, हे वहीत लिहा. बाहेरून आलेले खत म्हणून त्याची नोंद लागते.

जून ते सप्टेंबर हा रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्याला मिळालेला मोठा अवधी आहे, आणि आपल्या आजा-पणजांनी तो पुरेपूर वापरला. रान खरिपात पडीक ठेवायचे, पाऊस पडून तण उगवले आणि वापसा आला की वखराची पाळी घालायची. वापसा म्हणजे पायाला चिखल चिकटणार नाही आणि माती भुसभुशीत फुटेल अशी ओल. प्रत्येक पावसानंतर वरच्या थरातले थोडे बी उगवते आणि पुढच्या पाळीत मरते. पेरणीपर्यंत अशा तीन-चार पाळ्या झाल्या की वरच्या दोन-तीन बोटांच्या मातीत उगवण्याजोगे बी फारसे उरत नाही. शेवटच्या पाळ्या उथळ ठेवा. खोल घातलेली पाळी खालचे नवे बी वर आणते आणि आधीची मेहनत निम्मी फुकट जाते.

जमीन खोल असून जूनमध्ये पाऊस चांगला झाला, तर पडीक ठेवण्याऐवजी मूग घेता येतो. तो साधारण साठ-पासष्ट दिवसांत निघतो, रान झाकून तण दाबतो आणि नत्रही देतो. कमी पावसाच्या वर्षी हा मोह टाळावा. मुगाने ओल ओढून घेतली तर ज्वारीच्या वाट्याला काही राहत नाही.

यातली प्रत्येक पाळी त्याच संध्याकाळी वहीत उतरवा : तारीख, शेताचा नंबर, वखर बैलाचा की ट्रॅक्टरचा, भाडे किती, मजूर किती. निरीक्षक तणविरहित रान पाहतो तेव्हा त्याला साधा प्रश्न पडतो, हे इतके स्वच्छ झाले कसे? चार पाळ्यांच्या नोंदी आणि ट्रॅक्टरवाल्याच्या पावत्या हे त्याचे उत्तर. नोंद नसेल तर कष्टाने स्वच्छ ठेवलेले रानच संशयाला कारण होते. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने, एकाच दमात लिहिलेली वही कोणाच्याही लक्षात येते. तेलाचे डाग पडलेली, वाकड्या अक्षरांतली रोजची वही कितीतरी चांगली.

बियाण्याला येऊ. घरची मालदांडी असेल तर सर्वांत उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीची ओळख याच वाणावर उभी आहे. दुकानातले गुलाबी किंवा निळसर रंगाचे बियाणे म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेले, ते चालत नाही. बाहेरचे घ्यायचेच असेल तर प्रक्रिया न केलेले मागा, पिशवी आणि पावती जपून ठेवा. काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळतात. गंधक सेंद्रिय शेतीत चालते, तरी आधी संस्थेची संमती घ्या. घरचे बियाणे सुपाने पाखडून, चाळणीने चाळून घ्या, कारण मागच्या वर्षीचे तणाचे बी त्यातूनच परत रानात जाते.

पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर. तणाच्या दृष्टीने पेरणीत एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ओळी सरळ आणि सारख्या अंतरावर हव्यात, आणि ज्या कोळप्याने आंतरमशागत करणार त्याच्या मापाशी त्या जुळायला हव्यात. पेरणी ट्रॅक्टरच्या यंत्राने एका मापाची आणि कोळपे दुसऱ्या मापाचे, असे झाले तर एक तर ज्वारी कापली जाते, नाही तर तण राहते. पेरणीपूर्वी तिफणीचे किंवा यंत्राचे अंतर फूटपट्टीने मोजा. कोळपे कोणाचे आणायचे, बैल कोणाचे, तेही तेव्हाच ठरवून ठेवा.

पेरणीनंतरचे पहिले तीस-पंचेचाळीस दिवस निर्णायक असतात. या काळात तणाने ओल आणि अन्न खाल्ले तर नंतर कितीही खुरपले तरी उतारा भरून येत नाही. पुढे ज्वारीच वाढून सावली धरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आजही तितकीच उपयोगी आहे. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करायची. पास म्हणजे माती कापत जाणारे लोखंडी पाते. तिसऱ्या कोळपणीपर्यंत तण फारसे उरलेले नसते. तेव्हा काळी जमीन भेगाळू लागते आणि त्या भेगा बुजवून ओल राखणे हा तिचा मोठा फायदा असतो.

कोळपणी वेळेवर म्हणजे तण दोन पानांवर असताना. तेव्हा ते नुसत्या धक्क्याने उपटते. हातभर वाढल्यावर कोळपे त्याच्यावरून घसरते. कडक उन्हाचा दिवस निवडा, म्हणजे उपटलेले तण दुपारपर्यंत वाळते. ढगाळ हवेत किंवा पावसाच्या तोंडावर कोळपले तर केना आणि घोळ ही तणे पुन्हा मुळे धरतात. केन्याचा तर प्रत्येक पेराचा तुकडा रुजतो, म्हणून तो उपटून बाहेरच काढावा.

ओळीतले, दोन ताटांमधले तण कोळप्याला सापडत नाही. त्यासाठी एक खुरपणी लागतेच. पहिल्या कोळपणीनंतर लगेच, विरळणीबरोबर ती केली तर मजुरी वाचते. गावातल्या चार-पाच घरांनी सावड करून, म्हणजे आज तुमच्याकडे उद्या आमच्याकडे असे आलटून-पालटून काम करून, हा प्रश्न सोडवलेला दिसतो. सावडीच्या दिवसांचीही नोंद करा. पैसे दिले नाहीत म्हणून काम झालेच नाही, असे कागदावर दिसू नये.

दोन तणांबद्दल वेगळे सांगायला हवे. पहिले टारफुला. ते ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचे अन्न शोषते. जमिनीवर दिसण्यापूर्वीच त्याने नुकसान केलेले असते. ज्वारी ओल असतानाही कोमेजल्यासारखी दिसली तर बुडाशी नीट पाहा. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि अनेक वर्षे जमिनीत जिवंत राहते. म्हणून फुलण्याआधी उपटा, आणि उपटलेले बांधावर न टाकता जाळा. हलक्या, उपाशी जमिनीत ते जास्त वाढते, त्यामुळे शेणखताचा उपयोग दुहेरी होतो. दरवर्षी त्याच रानात ज्वारी न घेता हरभरा, करडई, तूर अशी फेरपालट करा. चवळी आणि कपाशीच्या मुळांतील स्रावांमुळे टारफुल्याचे बी उगवते, पण त्याला जगता येत नाही.

दुसरे गाजरगवत. त्याची आपल्याकडची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते नाही अशी पडीक जागा शोधावी लागते. फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. अनेकांना त्याने अंगावर चट्टे उठतात, दमा होतो. फुलण्याआधीच्या गाजरगवताचे उत्तम कंपोस्ट होते. फुले आल्यावर ते खताच्या खड्ड्यात कधीही टाकू नका.

हल्ली बाजारात 'सेंद्रिय तणनाशक' नावाच्या बाटल्याही मिळतात. त्यात काय आहे हे लेबलावर स्पष्ट नसेल तर हात लावू नका, आणि असले तरी संस्थेकडून लेखी होकार आल्याशिवाय वापरू नका. मिठाचे पाणी फवारण्याचा सल्लाही फिरत असतो. आपल्या काळ्या जमिनी आधीच क्षारांकडे झुकतात, त्यांत मीठ घालणे हा जमिनीवर अन्याय आहे.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक रान फिरतो, बांध पाहतो, फवारणी पंप पाहतो, घरातले कोठार पाहतो, वही आणि पावत्या तपासतो. शंका आली तर पानांचा, मातीचा किंवा धान्याचा नमुना घेतो. पंप शेजाऱ्याकडून मागून आणलेला असणे हे एक नेहमीचे बिघाडाचे कारण आहे. नुसत्या पाण्याने विसळल्याने तणनाशक पुरते जात नाही. निंबोळी अर्क फवारायला स्वतःचा वेगळा पंप ठेवा. रानात थोडे तण दिसले म्हणून घाबरू नका. प्रमाणपत्र तणविरहित रानाला मिळत नाही, नियम पाळलेल्या रानाला मिळते.

काढणीआधी रानातून एक फेरी मारून धोतरा शोधा. त्याचे बी विषारी असते आणि ज्वारीबरोबर मळले गेले तर पोत्यात जाते. मळणी यंत्र भाड्याचे असेल तर आधी ते झाडून, फुंकून साफ करून घ्या आणि आपलीच थोडी ज्वारी त्यातून काढून ती साध्या मालात टाका. यंत्र साफ केल्याचीही नोंद हवी. गोण्या नव्या घ्या. खताच्या रिकाम्या गोण्या वापरल्याने चांगला माल नाकारला जातो. साठवणीत किडीसाठी विषारी धुरीच्या गोळ्या चालत नाहीत. उन्हात खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून किंवा हवाबंद पिशवीत धान्य ठेवा. प्रत्येक गोणीवर शेताचा नंबर आणि काढणीचे वर्ष लिहा.

विक्रीच्या वेळी एनपीओपीत प्रत्येक खेपेसाठी व्यवहार प्रमाणपत्र निघते, म्हणजे किती माल कोणाकडून कोणाला गेला याचा दाखला. तो ऑनलाइन नोंदीशी जुळावा लागतो. आपल्या क्षेत्रात किती ज्वारी येऊ शकते याचा अंदाज संस्थेने आधीच बांधलेला असतो, त्यापेक्षा जास्त माल दाखवता येत नाही. भाव चांगला मिळतोय असे कळले की पाहुणा-रावळा येतो, 'माझीबी दोन-चार पोती तुझ्यात घाल' म्हणतो. त्याला प्रेमाने नाही म्हणा. पुढच्या वर्षी त्यालाच गटात घ्या. त्याचा रूपांतरणाचा काळ नोंदणीपासून मोजला जाईल, म्हणून ज्वारी निघाल्या-निघाल्या, उन्हाळी नांगरटीच्या आधीच त्याचा अर्ज भरून टाका.